पाचव्या लेनमधला अडसर

"म्हाळू, वाघरीवरनं उडी मारलीस तर तंगडं मोडून हातात दीन," आबा म्हणाले, तोवर मी हवेत होते.

काखेत एक दिवसाचं कोकरू, सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, पाय अनवाणी. पलीकडे उतरले तेव्हा वाघर हललीसुद्धा नव्हती. कोकराला काही कळलं नाही. आबांना, माझ्या वडलांना, मात्र कळलं होतं. ते मेख ठोकायचा दगड हातात तसाच धरून माझ्याकडे बघत होते.

वाघर म्हणजे संध्याकाळी मेंढरं कोंडायची सुताची जाळी. मेखा ठोकून त्यांवर ती गोल ताणायची, आत मेंढरं, बाहेर आपण. मेखा सरळ ठोकायच्या नाहीत, जरा आत कललेल्या ठोकायच्या. म्हणजे आतून मेंढरानं रेटलं की मेख आणखी घट्ट रुतते. एखादी मेख चुकून बाहेर कलली, तर पहिल्याच धक्क्याला जाळी लोळते आणि शंभर मेंढरं माळावर पांगतात. रोज दिवस मावळताना वाघरीला एक फेरी मारून सगळ्या मेखांचा कल बघायचा, हे माझं काम. वयाच्या सहाव्या वर्षापासून करत होते. तेव्हा पंधरा वर्षांची होते.

त्याच क्षणी उतारावरून तांबोळी सरांची एम-एटी फटफटत आली. तांबोळी सर आमच्या हायस्कूलचे खेळाचे मास्तर. आठ दिवस मी शाळेत गेले नव्हते म्हणून चौकशीला आले होते. पण त्यांनी राम राम केला नाही, की शाळेचं नाव काढलं नाही. गाडी स्टँडला लावली, डिकीतून मोजायची टेप काढली आणि वाघरीची उंची मोजली.

"शहात्तर सेंटिमीटर," ते आबांना म्हणाले. "आबा, तुमची वाघर नियमात बसते की."

"कसला नियम, मास्तर?"

मग सरांनी सांगितलं. मुलींची शंभर मीटरची शर्यत असते, वाटेत दहा हर्डल्स. एवढीच उंच. या मुलीनं आत्ता काखेत कोकरू घेऊन ते केलं, बाकीच्या पोरी रिकाम्या हातानं करताना पडतात. दीड महिन्यात जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत. जिल्ह्यात पहिली येणारी विभागाला जाते. पोरीला सोडा.

आईनं चहा टाकला. आबांनी तंबाखू मळायला घेतली, म्हणजे ते बोलणार होते.

"म्हंजे धावायचं, आनि वाटंत तुमीच अडसर घालून ठिवणार."

"अडसर नाही आबा, अडथळा. अडथळ्यांची शर्यत म्हणतात तिला."

"एकच की."

"एकच कसं?"

"बरूबर हाय, एक न्हाईच," आबा म्हणाले. सरांना वाटलं म्हातारा नमला. पण आबांचं वेगळंच होतं. "अडथळा कोन घालत न्हाई, मास्तर. वाटंत धोंडा येतो, वड्याला पानी येतं, त्यो अडथळा. त्येला वलांडून जायाचं, न्हाईतर वळसा घालायचा. अडसर मानूस घालतो. दाराला घालतो, वाघरीला घालतो. आत हाय ते आत ऱ्हावं म्हनून घालतो. अडसर वलांडायचा नसतो. ज्यानं घातला त्यानंच काढायचा."

सरांनी बशीतला चहा संपवला. त्यांना भांडायची हौस होती आणि आबांसारखा गडी रोज मिळत नव्हता. "मग आमचं जे आहे ते दोन्हीच्या मधलं म्हणा," ते हसले. "माणसानंच घातलेलं, पण ओलांडायला घातलेलं."

"असलं कायबी आमच्यात नसतं," आबा म्हणाले.

तरी त्यांनी सोडलं. पण अट घालून. दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड दरवर्षी कोकणात उतरायचं. मेंढरं, दोन घोडी, त्यांच्यावर सगळा संसार. माणदेशात गवताची काडी राहत नाही, मग पावसाळ्यापर्यंत तिकडेच. कोकरं माझ्या वाटणीची असायची, कारण आईचा गुडघा दुखायचा आणि वाटेत व्यायलेल्या मेंढीचं पिल्लू कुणीतरी उचलून चालावं लागतं. शाळा दरवर्षी तिथंच तुटायची. मी पंधराव्या वर्षी आठवीत होते ते त्यामुळेच.

"पयली आली तर मावशीकडं ऱ्हाईल. शाळा करंल, पळंल," आबा म्हणाले. "न्हाई आली तर बिऱ्हाडासंगं. मग मास्तर, तुमी परत यायचं न्हाई."

"पहिली म्हणजे पहिलीच?" सरांनी विचारलं.

"दुसरीला कोन इचारतं."

मी वाघरीजवळ उभी राहून ऐकत होते. मला कुणी विचारलं नाही.

*

शाळेत खरं हर्डल एकच होतं, कुठल्याशा कॉलेजनं टाकून दिलेलं, गंजलेलं. बाकी नऊ सरांनी बनवली. दोन बाजूंना विटांचे थर, वर बांबू. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी मी त्यांवरून जायची. तीन पावलं आणि हर्डल, तीन पावलं आणि हर्डल. पहिले आठ दिवस बांबूच बांबू पडले. नडगी सोलून निघाली. आई हळद लावायची आणि विचारायची, हे कशापायी गं. मला हसू यायचं. सांगणार काय, की तीन पावलं बरोबर पडली की चौथ्याला आपण जमिनीवर नसतोच, आणि ते एकदा झालं की दिवसभर दुसरं काही आठवत नाही.

"उडी मारू नकोस," सर ओरडायचे. "उडी म्हणजे वर. आपल्याला वर काय काम आहे? पुढं जायचंय. ओलांड."

एके दिवशी त्यांनी ते खरं हर्डल मधोमध आणून ठेवलं. लोखंडाचे दोन पाय जमिनीसरसे लांब, वर आडवी पट्टी. "बघ, पाय कुठं आहेत? तुझ्याकडं. तू ज्या बाजूनं येतेस त्या बाजूला." त्यांनी बुटाच्या टोकानं पट्टीला धक्का दिला. हर्डल लगेच पुढे लवंडलं. "लागलं तर पडतं. तुला काही होत नाही, तू पळत राहतेस. पडलं तरी बाद करत नाहीत, मुद्दाम हातानं पाडलं नाही म्हणजे झालं."

मग त्यांनी ते उचललं, उलटं ठेवलं. पाय पलीकडे. "आता दे धक्का."

मी दिला. हललं नाही. जोरात दिला, तर पट्टी तिथंच राहिली आणि माझंच मनगट दुखलं.

"पळत येऊन यावर गुडघा आपटला तर पाय मोडतो," सर म्हणाले. "मैदानावर कधी असं दिसलं तर आधी सरळ करायला सांगायचं, मग पळायचं." जरा थांबून म्हणाले, "हा बघ तुझ्या आबांचा अडसर."

तेव्हा मी हसले. घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आबांनी सरांची चहाची बशी बंद केली असती.

*

स्पर्धेच्या दिवशी आबा आले. मी यायला सांगितलं नव्हतं. पहाटेच्या एसटीत मी आणि सर बसलो, तर मागच्या दारानं तेही चढले. लाल पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. कंडक्टर म्हणाला, काठी खाली ठेवा पाव्हणं. आबा म्हणाले, खाली ठिवली की लोक तुडवत्यात, आनि काठीला तिकीट लागत आसंल तर ते बी फाड.

जिल्ह्याच्या गावचं मैदान मी पहिल्यांदाच बघत होते. चुन्याच्या पांढऱ्या रेघा आखलेल्या, आठ लेन, आणि खरी, एकसारखी, रंगवलेली हर्डल्स. आबा कडेला उकिडवे बसले, शेवटच्या रेघेच्या अगदी जवळ. सारं मैदान बघून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "हितं गवत कशानं ऱ्हात न्हाई?"

प्राथमिक फेरीत मी माझ्या गटात पहिली आले. दुसऱ्या गटात श्रुतिका पिसाळ पहिली आली. तिची वेळ माझ्यापेक्षा जरा कमी, दशांशात कमी. ती जिल्ह्याच्याच गावातल्या इंग्रजी शाळेची, उंच, मागच्या वर्षीची विजेती. पायात खिळ्यांचे बूट. तिनं माझ्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांकडे बघितलं. एका बुटाची नाडी म्हणजे वाघरीचंच सूत होतं.

"हे घालून धावणार तू फायनल?" ती म्हणाली. मग नाक उडवून मैत्रिणीला, "मेंढीचा वास येतोय ना गं?"

मैत्रीण हसली. मी म्हटलं, "मेंढीचाच हाय. मेंढी हितं असती तर ती पयली आली असती."

आता श्रुतिकाही हसली. आणि जाता जाता तिनं माझ्या छातीवरच्या नंबराकडे बोट केलं, एका बाजूनं सुटून फडफडत होता. आपल्या टी-शर्टाची एक जादा पिन काढून माझ्या हातात दिली. "लाव. नंबर उडाला तर बाद करतात."

मला ती आवडली नाही, आणि तिचा रागही आला नाही. मी पिन लावली.

आमच्या आधी मुलांची शर्यत झाली. त्यांची हर्डल्स उंच. ती संपल्यावर मैदानावरच्या माणसांनी पडलेली उचलली, उंची कमी केली, ढकलत आमच्या खुणांवर आणली. ऊन चढलं होतं, वेळापत्रक लांबलं होतं, माइकवरचा माणूस सारखा घाई करत होता. अंतिम फेरीच्या मुलींनो, लवकर या. लवकर या. मला चौथी लेन. श्रुतिका पाचवीत, माझ्या उजव्या हाताला.

मी रेघेशी उभी राहिले. पुढे दहा ओळी, प्रत्येक ओळीत आठ. माझ्या अंगात काहीतरी फिरत होतं, भीती नव्हती, पाण्याला उतार दिसला की होतं तसं. मी फक्त माझ्या लेनकडे बघायचं, असं सरांनी बजावलं होतं. पण नऊ वर्षं रोज संध्याकाळी वाघरीला फेरी मारणाऱ्या डोळ्याला एकाच मेखेकडे बघता येत नाही. तो ओळ बघतो. आणि ओळीत कल चुकलेली मेख त्याला आपोआप टोचते.

तिसऱ्या ओळीत सात हर्डल्सचे पाय आमच्याकडे होते, त्यांच्या सावल्यांच्या जोड्या चुन्यावर पडल्या होत्या. एकाला पाय नव्हते. म्हणजे होते, पलीकडे.

पाचवी लेन. तिसरं हर्डल. उलटं.

हे मला कळायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात पुढचंही कळलं. श्रुतिका माझ्यापेक्षा वेगवान आहे. सकाळच्या फेरीत मी तिला नीट बघितलं होतं. तिचा मागचा गुडघा खाली राहतो, हर्डलला घासतो, तिनं सकाळी दोन पाडली होती आणि तरी पहिली आली होती. या तिसऱ्याला घासला तर ते पडणार नाही. ती पडेल. मग मी पहिली. मावशीचं घर, शाळा, सकाळची तीन पावलं, सगळं. मी उलटं केलं नव्हतं. मी ढकललं नव्हतं. बघितलं नाही म्हटलं तर कोण विचारणार, सगळ्या पोरी आपापल्या लेनमध्ये बघत होत्या. वाटेत धोंडा आला, ज्याच्या वाटेत आला त्याच्या.

शेवटच्या रेघेपाशी लाल पटका दिसत होता. ठिपक्याएवढा.

"ऑन युवर मार्क्स."

सात मुली वाकल्या. मी वाकले नाही. माझा हात वर होता. मीच केला असणार, पण केल्याचं आठवत नाही.

स्टार्टरनी पिस्तूल खाली केलं. गोल टोपी घातलेले, घामानं वैतागलेले गृहस्थ होते. "काय गं, लघवीला जायचंय का?"

मुली हसल्या. कडेचे हसले. मैदानावरच्या त्या शुद्ध बोलणाऱ्या माणसाशी कुठल्या शब्दांत बोलायचं, ते मला कळत नव्हतं.

"सर, ते मेखा," मी म्हटलं. "त्याच्या मेखा तिकडं कलल्यात."

"कसल्या मेखा?"

"पाचवीत. तिसरं. ते पडणार नाही, सर."

"पाचवी लेन तुझी आहे का?"

"नाही."

"मग तुला काय करायचंय? आपल्या लेनमध्ये उभं राहायचं. ही शेवटची ताकीद. आणखी एकदा खोळंबा केलास तर बाहेर काढीन."

मी हात खाली घेतला नाही. बाहेर काढलं तर कोकण. मला सगळं दिसत होतं, घोडीवर बांधलेली भांडी, घाटातला रस्ता, काखेतलं कोकरू. तरी हात खाली येईना. म्हणाले, "ते अडथळा नाही सर, अडसर झालाय. तिचा पाय मोडंल."

आता कुणी हसलं नाही. श्रुतिका सरळ उभी राहिली होती आणि पुढे बघत होती. मग तिलाही दिसलं. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला.

एक माणूस धावत गेला. तिसऱ्या ओळीशी वाकला, हर्डल उचललं, फिरवलं, ठेवलं. पाय आमच्याकडे. हात हलवून सगळं ठीक असल्याची खूण केली. स्टार्टर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बरं. ताकीद रद्द. या सगळ्या रेघेवर."

मी वाकले. बोटं रेघेच्या मागे. मातीचा वास आला. वाटलं, आता हरलीस म्हाळू. आणि लगेच वाटलं, अजून कुठं.

पिस्तूल वाजलं.

पहिलं कसं गेलं कळलं नाही. दुसऱ्याला मी सगळ्यांच्या पुढे होते, हे उजव्या कानाला कळलं, कारण खिळ्यांचा आवाज मागून येत होता. तीन पावलं. तिसरं. मी हवेत असताना शेजारी धाडकन आवाज झाला. पाचव्या लेनमधलं तिसरं हर्डल. तेच. तिचा गुडघा लागला, ते पडलं, पुढे, जसं पडायला हवं तसं पडलं, आणि खिळ्यांचा आवाज क्षणभर अडखळून पुन्हा सुरू झाला. चौथं. पाचवं. मी पुढे. सहाव्याला तो आवाज माझ्या खांद्याशी आला. सातवं. आठव्याला आम्ही बरोबर हवेत गेलो, बरोबर उतरलो, मला तिचा श्वास ऐकू येत होता आणि तिला माझा येत असणार. मी तेव्हा ओरडत होते म्हणे, सरांनी नंतर सांगितलं. नववं. दहावं. मग मोकळी जमीन, आणि तिच्या पायांची लांबी.

ती वीतभर पुढे होती. फार तर वीत.

मी दुसरी आले.

पुढे जाऊन दोघी मातीतच बसलो. श्रुतिकाच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. ती धापा टाकत माझ्याकडे बघत होती.

"माझा गुडघा तिसऱ्याला लागतोच," ती म्हणाली. "आमचे सर रोज ओरडतात. तुला माहीत होतं?"

"सकाळी बघितलं होतं."

तिची पिन मी काढून परत द्यायला लागले, तर तिनं माझी मूठ बंद केली.

सर आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आबा सावकाश काठी टेकत आमच्यापर्यंत आले, तेव्हा सर काही बोलायला लागले. आबा, एक मिनिट ऐका, पोरीनं काय केलं माहीत आहे का. आबांनी काठी जराशी उचलली. "मास्तर, तुमी परत यायचं न्हाई असं ठरलंय."

सर वळले आणि एसटीकडे चालू लागले.

*

परतीच्या एसटीत सर पुढे बसले, आम्ही मागे. आबांनी खिडकीकडची जागा मला दिली. अर्धी वाट झाली. मग एकदम म्हणाले, "त्या उंच पोरीचं आडवं पडलं."

"हो."

"पाडलं तरी पयली?"

"मुद्दाम नाही पाडलं तर चालतं. लागलं की ते पडतंच. तसंच बनवलेलं असतं."

"आनि तू सुरवातीला हात वर केलास, त्यो कशापायी?"

मी सांगितलं. कल उलटा होता. आतून रेटल्यावर वाघर जशी धरते तसं ते धरणार होतं. पडलं नसतं. ती पडली असती.

"म्हंजे तू गप ऱ्हायली असतीस," आबा म्हणाले आणि थांबले. उरलेलं वाक्य त्यांनी मनातल्या मनात पुरं केलं असावं, कारण नंतर त्यांनी तंबाखूची डबी काढली, उघडली आणि तशीच बंद केली.

आम्ही तळावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. आई एका हातानं गुडघा धरून, एका हातानं कोकरं आवरत होती. मी बूट काढले, सलवार गुंडाळली आणि वाघरीला फेरी मारायला लागले. रोजचं काम. मेख, मेख, मेख. आता हेच. डोळ्यांपुढे सगळं पाणी झालं होतं तरी कल बरोबर दिसत होता.

अर्ध्या फेरीत आबांचा आवाज आला. ते आईला सांगत होते.

"हिचं हातरून-पांघरून निराळं बांध. तुज्या आक्काकडं ठिवायचं हाय."

"पयली आली व्हय?" आईचा आवाज फुलला.

"न्हाई. दुसरी."

"मग?"

आबा वाघरीजवळ आले होते. माझ्याकडे नाही, मेखांकडे बघत होते. एका मेखेवर त्यांनी पाय ठेवला, दाबून बघितली. घट्ट होती.

"पोरीनं एवढा जीव काढून धडक दिली," ते म्हणाले. "मी घातल्यालं पडाय नको व्हय?"

आईला काही कळलं नाही. ती म्हणाली, मग कोकरं कोन उचलंल. आबा म्हणाले, "मी उचलीन. मला काय हात न्हाईत?"

मग ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "मास्तरला निरोप दे, चा प्यायला ये म्हनावं." आणि वाघर काठीनं खाली दाबून माझ्यासाठी वाट केली. मी त्या वाटेनं गेले नाही. दोन पावलं मागे सरकले आणि वरून गेले.

या खेपेला ते ओरडले नाहीत.

*

पुढच्या वर्षी मी विभागाला गेले आणि तिथं सहावी आले. हे सांगायलाच हवं, नाहीतर माझी लेक मोठी होऊन वाचेल आणि तिला वाटेल की आई जिंकतच होती. आबा दोन हिवाळे कोकरं काखेत घेऊन घाट उतरले. आता ते थकले आहेत, मेंढरं विकली. श्रुतिकाची पिन माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

लेक दहा महिन्यांची. रांगते, आणि स्वयंपाकघराकडेच रांगते, कारण गॅसची निळी ज्योत तिला बोलावते. म्हणून मी दारात एक फळी आडवी ठेवते. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, दोन खिळे मारून पक्की कर. मी केली नाही. गॅस बंद असला की फळी नुसती टेकवून ठेवते, चालू असला की मागे पाट लावते. टेकवताना तिचा कल बघते. आज दुपारी, मी हे लिहीत असताना, लेकीनं दोन्ही हात फळीवर टेकले. माझ्याकडे वळून बघितलं. मी उठले नाही. तिनं सगळं अंग फळीवर टाकलं.

फळी पडली. तिच्या अंगावर नाही, पलीकडे. पलीकडे मी गोधडी अंथरून ठेवलेली आहे.